शंकर लक्ष्मण की श्रीजेश? आधी मैदान बघा

भारतीय हॉकीचा मोठा गोलकीपर कोण, जुना शंकर लक्ष्मण की नवा श्रीजेश? मी भुसावळला काळ्या मातीवर हॉकीत गोलकीपिंग केली. मार्चनंतर जमिनीला भेगा पडायच्या, सरळ येणारा चेंडू भेगेच्या काठावर आपटून थेट हनुवटीशी यायचा. म्हणून जुन्या-नव्या कीपरांची तुलना करताना पहिलं विचारा: चेंडू कशावरून येत होता? ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फ 1976 ला, मॉन्ट्रियलला आलं. त्याआधी गवतावरची उसळी ओळखावी लागे, नंतर वेग.

मग अंगावरचं सामान बघा. लक्ष्मणच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

नुसते खाल्लेले गोल मोजू नका. 1928 ला अॅमस्टरडॅममध्ये भारताचा कीपर रिचर्ड अॅलननं एकही गोल खाल्ला नाही, पण पुढे ध्यानचंद होते, चेंडू मागे यायचाच कमी. त्यापेक्षा अटीतटीचे सामने काढा. लक्ष्मण 1956, 1960, 1964 अशा तीन ऑलिंपिक फायनल पाकिस्तानविरुद्ध खेळला. तिन्हींत मिळून एकच गोल खाल्ला! श्रीजेशसाठी पॅरिसची 2024 ची ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल घ्या. बचावपटू रोहिदासला रेड कार्ड, उरले दहा जण, तरी 1-1 आणि शूटआउट भारतानं 4-2 जिंकलं. आताचं शूटआउट, म्हणजे एकट्या खेळाडूनं आठ सेकंदांत कीपरला चकवायचं, लक्ष्मणच्या काळी नव्हतंच, तेव्हा ते त्याच्याविरुद्ध धरू नका.

माझं माप लक्ष्मणकडे झुकतं. ती उसळी मी हनुवटीवर झेललीय.