अज्ञात की अज्ञेय? शब्द निवडण्याची रीत

वडोदऱ्यात मराठी लिहिणाऱ्याच्या एका कानाशी संस्कृत असतं, दुसऱ्या कानाशी गुजराती. माहीत असणं, अंदाज करणं, निकाल देणं यांचे शब्द त्यामुळे चटकन सुचतात आणि तितक्याच चटकन घसरतात.

आधी शब्दाचा शेवट बघा. शेवटी 'त' असेल तर क्रिया झाली की नाही, एवढंच कळतं: ज्ञात, गृहीत, निर्णीत. 'य' असेल तर ती होऊ शकेल का, किंवा व्हायला हवी का, हे कळतं: ज्ञेय, ग्राह्य, अनुमेय. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं बांधकाम कधीचं हे कागदात सापडत नसेल, तर ते साल अज्ञात. उद्या एखादी सनद निघाली की ते ज्ञात होईल. तिथे 'अज्ञेय' लिहिलंत, तर ते कुणालाच कधी कळणार नाही, असा दावा तुम्ही करून बसता. शंका आली की शब्दाआधी 'अजून' जोडून पाहा. 'अजून अज्ञात' चालतं, 'अजून अज्ञेय' अडखळतं.

क्रिकेटचा सामना हार-जीत न होता सुटतो तेव्हा निकाल लागलेला नसतो, म्हणून 'त'. आणि तो शब्द 'अनिर्णीत', णी दीर्घ. वर्तमानपत्रांत ऱ्हस्व सर्रास दिसतो, तरी मूळ 'निर्णीत' आहे आणि तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या, शब्दाला मूळचीच वेलांटी द्यावी.

'य' आणि 'अनीय' यांची खरी अडचण अशी, की ते कधी शक्यता सांगतात, कधी लायकी. अतर्क्य म्हणजे तर्काने न गाठता येणारं. पूज्य म्हणजे पूजेच्या लायक. 'अर्ज वाचनीय अक्षरात भरावा' ही चूक यातूनच होते. वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं, गोडीनं वाचावं असं. अक्षर सहज लागावं असं म्हणायचं असेल तर 'सुवाच्य' लिहा.

अनुमान आणि अंदाज एकमेकांच्या जागी टाकू नका. अनुमानाला खूण लागते: विश्वामित्री नदीच्या काठच्या भिंतीवर गाळाची रेघ दिसली, म्हणून पाणी तिथवर चढलं होतं. न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, 'धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे' हे उदाहरण ह्याच जातीचं. ती रेघ जमिनीपासून 'पाचेक फूट असेल' हा मात्र अंदाज. खूण सांगता येत नसेल तर अनुमान म्हणू नये.

'माहीत', 'समज', 'वाटलं' यांच्यापुढे 'पण तसं नव्हतं' लावा. 'तो आला असं मला वाटलं, पण तसं नव्हतं' ठीक. 'तो आल्याचा माझा समज झाला' हेही ठीक. 'तो आल्याचं मला माहीत होतं, पण तसं नव्हतं' हे मोडतं, कारण 'माहीत' खरेपणाची हमी देतं. बातमीतलं 'असे समजते' ती हमी देत नाही, ऐकीव माहिती असल्याचं सांगतं. सभेच्या इतिवृत्तात ठरावापुढे ते कधीच घालू नका.

गुजरातीची गफलत तर रोजचीच. 'मने खबर नथी'वरून 'मला खबर नाही' येतं. मराठीत खबर म्हणजे वार्ता, इथे 'माहीत नाही' किंवा 'ठाऊक नाही' हवं. गुजराती 'चोक्कस' म्हणजे नक्की, आपला 'चौकस' म्हणजे बारकाईनं विचारपूस करणारा. 'चौकस उत्तर द्या' वाचून मराठी माणूस गोंधळतो. 'नेमकं उत्तर' लिहा.