सर्व्हरचे झाकण उघडून सुरक्षितपणे काम कसे करावे

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि नाशिकमधल्या अनेक रुग्णालयांत व कार्यालयांत आता स्वतःचे सर्व्हर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणारे संगणक, असतात. रॅम वाढवणे, पंखा बदलणे अशी कामे पुष्कळदा तिथलाच कर्मचारी करतो. काम अवघड नाही. मात्र सर्व्हर बंद केला म्हणजे त्यातली वीज गेली, हा समज मनातून काढल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

प्रथम बॅकअप झाला आहे याची खात्री करावी, वापरणाऱ्यांना पूर्वसूचना द्यावी आणि ऑपरेटिंग सिस्टीममधूनच सर्व्हर बंद करावा.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक सर्व्हरना दोन पॉवर सप्लाय असतात, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते. त्यातली एक कॉर्ड अनेकदा यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या लाइनवर असते, त्यामुळे भिंतीवरचे बटण बंद करून काहीच साधत नाही. अंबडमधल्या एका कार्यशाळेत मी एक कॉर्ड काढून झाकण उघडले होते आणि केबलच्या गुंत्यामागची दुसरी कॉर्ड मला दिसलीच नव्हती. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीकसा हिरवा दिवा जळत होता, तेवढ्यावर हात जागीच थांबला. सर्व्हर बंद असतानाही कॉर्ड जोडलेली असेल, तर बोर्डावर स्टँडबाय वीज खेळत असते. तेव्हापासून मी प्रत्येक कॉर्ड हाताने चाचपत प्लगपर्यंत जातो. सगळ्या कॉर्ड काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि बोर्डावरचे दिवे पूर्ण विझेपर्यंत थांबावे. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टहून अधिक दाब कॉर्ड काढल्यानंतरही काही काळ टिकून राहू शकतो.

रॅकमधून, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवलेल्या कपाटातून, एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढावा, नाहीतर रॅक पुढे कलंडू शकतो. डिस्कने भरलेल्या सर्व्हरचे वजन 25 ते 30 किलोपर्यंत जाते, म्हणून तो दोघांनी उचलावा. अंगठी, घड्याळ, बांगड्या, लोंबणारे मंगळसूत्र किंवा साखळी आधीच काढून ठेवावी.

आता स्थिर विद्युतभाराकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा थंड आणि कोरडी असते. अंगातला स्वेटर काढताना जी तडतड ऐकू येते, तोच भार बोटांतून चिपमध्ये उतरतो. माणसाला झटका जाणवायला सुमारे 3000 व्होल्ट लागतात, पण काही नाजूक भाग 100 व्होल्टच्या आतही निकामी होतात, म्हणजे नुकसान आपल्या नकळत होते. त्यासाठी अँटी-स्टॅटिक पट्टा मनगटाला त्वचेवर घट्ट बांधून त्याची क्लिप सर्व्हरच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. या पट्ट्यात 1 मेगाओहमचा रोधक, म्हणजे प्रवाह अडवणारा भाग, असतो. चुकून 230 व्होल्टशी संबंध आला, तरी त्याच्यामुळे अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. साध्या वायरचा घरगुती पट्टा म्हणूनच कधी वापरू नये.

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीट सिंक बराच वेळ तापलेला राहतो, तो निवल्याशिवाय हात लावू नये. पत्र्याच्या कडा बोट कापतात. रॅमची पट्टी कडांनीच धरावी, खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा आणि खटक्या ‘टक’ असा आवाज करून बसल्या की हात काढावा. ती कोणत्या स्लॉटमध्ये बसवायची, हे झाकणाच्या आतल्या आकृतीत बहुधा दिलेले असते. धूळ झाडायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्यानेही विद्युतभार तयार होतो. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने अडवून धरावीत.

पुढून बदलता येणाऱ्या हॉट-स्वॅप डिस्कसाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही. मात्र बिघाडाचा दिवा नेमका कोणत्या डिस्कवर लागला आहे, हे सॉफ्टवेअरमध्येही पडताळून मगच ती ओढावी. चुकीची डिस्क निघाली, तर अख्खा रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला साठा, कोसळू शकतो.

शेवटी स्क्रू मोजावेत, हवा वळवणारे प्लॅस्टिकचे आवरण आणि झाकण जागेवर बसवावे. झाकण उघडे ठेवून सर्व्हर चालवला, तर हवेची दिशा बिघडते आणि प्रोसेसर तापतो. मग दोन्ही कॉर्ड जोडून सर्व्हर सुरू करावा, दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे आहेत ना आणि वाढवलेली रॅम पूर्ण दिसते ना हे पाहावे, आणि त्याच वेळी दोन्ही कॉर्डना ‘यूपीएस’ व ‘लाइन’ अशा चिठ्ठ्या चिकटवून ठेवाव्यात.