पावसाळ्यात टॉवेलला येणारा कुबट वास कसा घालवावा

जून संपत आला की मुंबई-ठाण्यातल्या आणि कोकणपट्टीतल्या घरांमध्ये धुतलेल्या टॉवेललाही आंबूस, कुबट वास येऊ लागतो, आणि मग पावडर बदलून पाहणे, सुगंधी द्रावण जास्त ओतणे, तोच टॉवेल पुन्हा धुणे असे उपाय सुरू होतात. त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग चार दिवसांपलीकडे टिकत नाही, कारण हा वास साबण कमी पडल्यामुळे येत नाही, तर टॉवेल फार वेळ ओला राहिल्यामुळे येतो. म्हणून पहिला प्रयत्न टॉवेल ओला राहण्याचे तास कमी करण्याचा असावा, आणि वास एकदा मुरलाच असेल तर तो सुगंधाने झाकण्याऐवजी गरम पाण्याने मुळातून काढावा.

अंग पुसताना टॉवेलमध्ये केवळ पाणी जात नाही. त्वचेच्या मृत पेशी, घाम, अंगाचे तेल आणि अंगावर राहिलेला साबणही त्यात जातो. ओलावा आणि हे खाद्य एकत्र मिळाले की जिवाणू वाढतात, आणि त्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा वास आपल्याला येतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या या विशिष्ट वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू आणि तो तयार करत असलेले ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक आम्ल असल्याचे दाखवले. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण बऱ्यापैकी सहन करतो, असेही त्यात आढळले. कपाटातून काढताना अगदी स्वच्छ वाटणारा टॉवेल अंघोळीनंतर अंगाला लावताच का वास मारतो, याचा उलगडा येथे होतो. वाळल्यावर वास दबतो, पण जिवाणू मेलेले नसतात, आणि पुन्हा ओलावा मिळाला की ते कामाला लागतात. त्यामुळे टॉवेल बिघडला आहे की नाही हे कोरड्या टॉवेलवरून ठरवू नये. त्याचा एक कोपरा कोमट पाण्याने भिजवावा, दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि मग हुंगून पाहावा.

वाळवण्याविषयी सर्वांत जास्त लिहायला हवे, कारण निम्म्याहून अधिक काम तेथेच होते. अंग पुसून झाल्यावर टॉवेल खुंटीला अडकवण्याची आपल्याकडची सवय पावसाळ्यात फार महाग पडते. खुंटीवर टॉवेलच्या चार-पाच घड्या एकावर एक येतात आणि मधल्या घडीला वारा लागतच नाही. न्हाणीघरातल्या दांडीवर दुमडून टाकलेल्या टॉवेलचीही हीच गत होते, कारण तेथील हवा अंघोळीच्या वाफेने आधीच भरलेली असते. वापरलेला टॉवेल एकदा जोरात झटकावा, म्हणजे चपटलेले सुताचे लूप उभे राहतात आणि हवेला वाट मिळते. त्यानंतर तो न्हाणीघराबाहेर, दोन दांड्यांवर मिळून किंवा कपडे वाळवण्याच्या स्टँडवर पूर्ण रुंद पसरून टाकावा. एकाच दांडीवर टाकणे भाग असेल तर दोन्ही बाजू समान लोंबू न देता एक बाजू लांब आणि एक आखूड ठेवावी, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटून राहणारा भाग कमी होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवरील हवेतली आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे टॉवेल बाल्कनीत टाकल्याने वाळेलच असे नाही. कित्येकदा तो सकाळपेक्षा संध्याकाळी अधिक दमट लागतो. अशा दिवसांत घरातला पंखा बाहेरच्या हवेपेक्षा उपयोगी ठरतो. ओल्या कापडालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा पातळ थर साचतो आणि पंखा तो थर सतत हटवत राहतो. स्टँड छताच्या पंख्याखाली मधोमध ठेवावा, दोन टॉवेलांत किमान वीतभर अंतर ठेवावे आणि खोलीची एखादी खिडकी फटीपुरती उघडी असावी, अन्यथा टॉवेलातले पाणी भिंतींवर आणि कपाटात जाते. वातानुकूलन यंत्र असल्यास ते तासभर ‘ड्राय’वर चालवले तरी फरक पडतो. टॉवेल वाळला की नाही हे मधल्या भागावर हात ठेवून ठरवू नये. काठाची जाड शिवण आणि टोकाची सपाट विणीची पट्टी सर्वांत शेवटी वाळते, म्हणून ती चिमटीत धरून पाहावी, आणि ती गार लागली तर टॉवेल अजून ओला आहे असे समजावे. हा गारवा तसाच ठेवून घडी घातल्यामुळेच कपाटातल्या अख्ख्या चळतीला वास लागतो.

धुण्याकडे वळताना आधी एका जुन्या सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात पाणी आणि पावडर वाचवण्यासाठी एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत आणि शेवटी टॉवेल व पायपुसणी काढण्याची पद्धत अनेक घरांत आहे. काटकसर म्हणून ती समजण्यासारखी आहे, परंतु शेवटच्या पाण्यात साबणाची ताकद संपलेली असते आणि सगळ्या घराचा मळ उतरलेला असतो, आणि नेमके तेच पाणी टॉवेलचे जाड कापड आत ओढून घेते. टॉवेल वेगळे आणि ताज्या पाण्यात धुवावेत. पायपुसणी तर त्यांच्याबरोबर कधीच नकोत. हाताने धुणाऱ्यांनी टॉवेल रात्रभर बादलीत भिजत ठेवू नयेत, कारण गार पाण्यात तासन्‌तास पडलेले कापड स्वच्छ होण्याऐवजी आंबते. अर्धा ते पाऊण तास पुरेसा असतो.

पावडरच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले हा समज सोडावा लागतो. टॉवेलमधून साबण पूर्ण निघणे अवघड असते, आणि जो मागे राहतो तो मळ धरून ठेवतो व कापड कडक करतो. बोअरचे पाणी असलेल्या वसाहतींत हा त्रास अधिक होतो, कारण त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी वडीचा साबण संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार होतो. अशा ठिकाणी टॉवेलसाठी वडीऐवजी डिटर्जंट वापरावे आणि बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा, म्हणजे क्षारांचा जोर कमी होतो. यंत्र असल्यास ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि एक जादा खळबळणी लावावी. शेवटच्या पाण्यात फेस दिसत असेल तर धुणे संपलेले नाही.

कापड मऊ आणि सुवासिक करणारी द्रावणे टॉवेलसाठी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतील द्रव्ये धाग्यावर तेलकट थर चढवतात, त्यामुळे टॉवेल हाताला मऊ लागतो खरा, पण पाणी टिपण्याचे त्याचे मूळ काम तो नीट करत नाही, आणि त्या थराखाली मळ अडकत जातो. जाहिरातीत टॉवेल गालाला लावणारी माणसे दिसतात, ओले अंग पुसणारी फारशी दिसत नाहीत. आपल्या टॉवेलवर असा थर बसला आहे का, हे पाहणे सोपे आहे. वाळलेल्या टॉवेलवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडावा. तो लगेच आत शिरला तर ठीक, मण्यासारखा वर बसून राहिला तर पुढे सांगितलेली गरम पाण्याची प्रक्रिया करण्याची वेळ आली आहे.

पिळण्याचेही महत्त्व आहे. यंत्राने जितके पाणी काढले तितके कमी पाणी हवेला वाळवावे लागते, म्हणून टॉवेलसाठी सर्वांत जास्त वेगाची फिरकी निवडावी, आणि सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात टॉवेल उलगडून, झटकून पुन्हा एकदा ड्रायरमध्ये फिरवावेत. दुसऱ्या फेरीलाही नळीतून पाणी येताना दिसते. धुणे संपल्यावर टॉवेल ड्रममध्ये पडून राहता कामा नयेत. कामावर जाताना यंत्र लावून संध्याकाळी कपडे काढायचे, हा क्रम पावसाळ्यात मोडावाच लागतो. वेळ ठरवून यंत्र सुरू करण्याची सोय असेल तर आपण घरी परतण्याच्या सुमारास धुणे संपेल असे पाहावे.

आता ज्या टॉवेलला वास लागलेलाच आहे, त्याचा उपाय. येथे उष्णता निर्णायक असते, आणि पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस असायला हवे. यंत्रात तापमान निवडता येत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर गॅसवर उकळलेले पाणी आणि नळाचे पाणी समसमान मिसळावे, म्हणजे साधारण साठ-बासष्ट अंशांचे पाणी मिळते. हात घालता येणार नाही इतके ते गरम असते, म्हणून टॉवेल लाकडी दांड्याने दाबावा आणि लहान मुलांना बादलीपासून दूर ठेवावे. ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारी सोडियम परकार्बोनेटची पूड असल्यास पाकिटावर दिलेल्या प्रमाणात याच पाण्यात घालावी. ती गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि रंगीत सुती कापडालाही सहसा धक्का लावत नाही, तरी गडद रंगाच्या टॉवेलचा एक कोपरा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहणे शहाणपणाचे. पूड नसेल तर धुण्याचा सोडा आणि थोडे डिटर्जंट पुरते. टॉवेल बुडवून बादली झाकावी आणि तासभर तशीच ठेवावी. धुऊन वाळवलेल्या, दिसायला स्वच्छ अशा टॉवेलमधूनही या तासाभरात राखाडी, किंचित बुळबुळीत पाणी निघते, आणि इतके दिवस आपण कशाने अंग पुसत होतो हे पाहून जरा संकोच वाटतो. त्यानंतर टॉवेल नेहमीप्रमाणे धुवावा, खळबळून काढावा आणि त्याच दिवशी पूर्ण वाळवावा. पावसाची उघडीप पाहूनच हे काम काढलेले बरे.

पांढऱ्या व्हिनेगरचा उपाय सर्वत्र सुचवला जातो. क्षारांचा थर विरघळवण्यासाठी तो चांगला आहे, आणि बोअरच्या पाण्याने खरखरीत झालेल्या टॉवेलला शेवटच्या खळबळणीत अर्धी वाटी व्हिनेगर घातल्यास फरक जाणवतो. मात्र तो सोड्याबरोबर एकाच पाण्यात घालण्यात अर्थ नाही, कारण एक आम्ल आणि दुसरा अल्कली असल्याने फेस येतो आणि दोघांचाही जोर संपतो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर व्हिनेगर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे क्लोरीनचे ब्लीच फक्त पांढऱ्या सुती टॉवेलसाठी, पातळ करून आणि क्वचितच वापरावे.

इतके करूनही वास परत येत असेल तर यंत्राकडे पाहावे. समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलटून पाहिल्यास तेथे केस, धाग्यांचा गोळा आणि काळसर बुरशी सापडते. ती पुसून काढावी, पावडरचा खण बाहेर ओढून धुवावा, गाळणीतला कचरा काढावा आणि महिन्यातून एकदा रिकामे यंत्र सर्वांत गरम पाण्यावर चालवावे. धुणे झाल्यावर दार आणि खण उघडेच ठेवावेत.

घरातल्या प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. एरवी तीन-चार वापरांनंतर आणि पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तो धुण्यात टाकावा. ओला टॉवेल मळक्या कपड्यांच्या टोपलीत कधीही टाकू नये. वॉश बेसिनजवळचा हात पुसायचा नॅपकिन सर्वांचे हात लागून दिवसभर ओलसर राहतो, म्हणून तो रोजच बदललेला चांगला.

नवा टॉवेल घेताना जाडीचा मोह आवरावा. लेबलवर लिहिलेला जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ४०० जीएसएमचा असेल तर साधारण ४५० ग्रॅम भरतो आणि ६०० जीएसएमचा असेल तर पावणेसातशे. जास्तीचे सव्वादोनशे ग्रॅम सूत जास्त पाणी धरते आणि सावकाश वाळते. हॉटेलांना जाड टॉवेल परवडतात, कारण त्यांच्याकडे वाळवण्याची मोठी यंत्रे असतात. भौगोलिक मानांकन मिळालेले सोलापूरचे टेरी टॉवेल बाजारात सहज मिळतात, आणि त्यांतले हलक्या वजनाचे टॉवेल किनारपट्टीवरच्या घरांना अधिक सोयीचे पडतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने साधा सुती पंचा वापरणे त्याहूनही सोपे. तो पंख्याखाली जाड टॉवेलच्या कितीतरी आधी वाळतो, आणि ज्या घरांत अजून पंचे आहेत तेथे कुबट वासाची तक्रार क्वचितच ऐकू येते. नवा टॉवेल वापरण्यापूर्वी एक-दोनदा धुवावा, कारण त्यावरच्या कारखान्यातल्या लेपामुळे सुरुवातीला तो पाणी नीट टिपत नाही.

गरम पाण्याची प्रक्रिया दोनदा करूनही भिजवलेल्या कोपऱ्याला वास येतच राहिला, किंवा लूप झिजून खालची वीण दिसू लागली, तर त्या टॉवेलवर आणखी साबण खर्च करू नये. त्याचे चार तुकडे कापून कडा शिवून घ्याव्यात आणि ते फरशी व मोरी पुसायला वापरावेत.