अठरा क्रेडिट घेण्याआधी

काल फोनवर तू अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरची कोर्सची यादी वाचून दाखवलीस, पुढे डॉक्टर व्हायचं म्हणून निवडलेली. जनरल केमिस्ट्री लॅबसकट, बायॉलॉजी लॅबसकट, कॅल्क्युलस, रायटिंग सेमिनार आणि स्पॅनिश. एकूण १८ क्रेडिट (कोर्सच्या भाराचं माप). मी नुसतं हं हं केलं, कारण मावशी तुझ्या शेजारीच होती हे मला ऐकू येत होतं. आता निवांत लिहिते.

पहिल्या वर्षी माझीही यादी साधारण हीच होती. ऑक्टोबरात तीन दिवसांत तीन मिडटर्म आल्या आणि केमिस्ट्रीत सी प्लस पडला. तो अजून माझ्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) बसलेला आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल स्कूलचा अर्ज एएमसीएएस या सामायिक अर्जसेवेमार्फत जातो आणि तिथे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणिताचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. कोर्स पुन्हा केलास तरी दोन्ही ग्रेड धरतात. कॉलेजने स्वतःच्या हिशोबात जुना पुसला तरी इथे तो राहतो.

म्हणून क्रेडिटची बेरीज सोड, तास मांड. लॅबला क्रेडिट बहुतेक एकच मिळतं, पण तिथे तीन तास उभं राहावं लागतं आणि वर रिपोर्ट लिहायचा. तुझ्या यादीचा मी अंदाज केला: लेक्चर १६ तास, दोन लॅब ६, घरचा अभ्यास ३३ (केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस आठ-आठ, बायॉलॉजी सात, रायटिंग आणि स्पॅनिश पाच-पाच), लॅब रिपोर्ट ४. आठवड्याचे ५९. यात जेवण, कपडे धुणं, आजारपण काहीच नाही. प्री-मेडची, म्हणजे मेडिकलची तयारी करणारी मुलं क्लबात आणि हॉस्पिटलात स्वयंसेवाही करतात, पण पहिल्या सेमिस्टरला ते नाही केलंस तर काही बिघडत नाही.

आता काय काढायचं? तू म्हणशील स्पॅनिश. मी म्हणते, बायॉलॉजी.

कारण असं. केमिस्ट्री ही लांबलचक साखळी आहे. जनरलच्या दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑर्गॅनिक केमिस्ट्री (तिच्याही दोन) घेता येत नाही, ऑर्गॅनिकशिवाय सहसा बायोकेमिस्ट्री नाही. म्हणजे पाच सेमिस्टर एकामागून एक, आणि एमकॅटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बायोकेमिस्ट्री लागतेच. ही साखळी उशिरा सुरू केलीस तर सगळं पुढे ढकलतं. बायॉलॉजीला असली घाई नाही, ती दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिकबरोबर बसते. तोवर लॅब रिपोर्ट लिहायचा हात बसलेला असतो. फिजिक्स तिसऱ्या वर्षी, बायोकेमिस्ट्रीच्या जोडीला. फक्त तुमच्याकडे बायॉलॉजी मेजरला (मुख्य विषयाला) पहिल्याच वर्षी बायॉलॉजीचा कोर्स सक्तीचा नाही ना, एवढं विचारून घे. प्री-मेड हा स्वतः मेजर नसतो, त्यामुळे मेजरच्या अटी वेगळ्या सांभाळाव्या लागतात.

बायॉलॉजी काढली की १४ क्रेडिट आणि आठवड्याचे ४४ तास. डिग्रीला साधारण १२० लागतात, म्हणजे सेमिस्टरला सरासरी १५. तो एक क्रेडिट नंतर कधीही भरून निघतो. १२ च्या खाली मात्र जाऊ नकोस. फुल-टाइम दर्जा गेला की स्कॉलरशिपचं लफडं होतं.

एपी बायॉलॉजीत (शाळेत असताना दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेत) ५ पैकी ५ आहेत म्हणून तो कोर्स सोडू का, असंही विचारलं होतंस. कॉलेज क्रेडिट देईल, पण बऱ्याच मेडिकल स्कूल एपीला प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण करायचा कोर्स) म्हणून धरत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. प्रत्येक स्कूलची अट एमएसएआरमध्ये असते, म्हणजे मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी हिच्या माहितीसंग्रहात. तिथे बघ, सीनियरचं ऐकू नकोस. (माझंही नको.)

पहिल्या आठवड्यात सगळे सिलॅबस एका टेबलावर पसर आणि एकाच कॅलेंडरवर प्रत्येक परीक्षा लिही. एका आठवड्यात तीन दिसल्या तर तेव्हाच काहीतरी हलव, कारण ॲड-ड्रॉपची (कोर्स बदलायची) मुदत संपायच्या आत सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर उमटत नाही. त्यानंतर सोडलास तर डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडल्याचा शेरा, लागतो. एखादा डब्ल्यू कोणी मनावर घेत नाही, दर सेमिस्टरला एक असेल तर मुलाखतीत विचारतात. तरी डी येणार असं दिसत असेल तर डब्ल्यू घे. मी तेव्हा हट्टाने घेतला नव्हता.

चौथं वर्ष संपताच मेडिकल स्कूलला जायचं असेल तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज करावा लागतो, त्यामुळे एमकॅट त्याच वसंतात. त्या सेमिस्टरला हलके कोर्स राखून ठेव. एक वर्ष मध्ये घेतलंस तर हा सगळा ताण सुटतो, आणि हल्ली पुष्कळ जण घेतात. मावशीला हे आत्ताच सांगू नकोस.

रविवारी कॅलेंडर घेऊन फोन कर. ‘बायॉलॉजीच नाही तर कसली डॉक्टर?’ असं मावशी विचारेल. तेव्हा फोन तिच्याकडे दे, मी बोलते.