रीफ टँकचे (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यटाकीचे) फोटो निळेच का येतात?

कारण प्रवाळांसाठी लावलेल्या एलईडीत निळा प्रकाश फार असतो आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणारी सोय) तिथे हात टेकतो. फोटोपुरते एलईडीचे निळे चॅनल कमी करून पांढरे वाढवा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचे केल्व्हिन १०,००० च्या आसपास ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. उरलेला निळेपणा नंतर काढता येतो. मोबाइल असेल तर लेन्ससमोर नारिंगी जेल फिल्टर धरा. निळ्याच उजेडात काढून नंतर रंग भडक करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

आधी काच आतून-बाहेरून पुसा आणि खोलीतले दिवे घालवा, नाहीतर फोटोत तुम्हीच दिसाल. फ्लॅश बंद. लेन्स काचेला काटकोनात, जवळजवळ टेकवून धरा; तिरके धरले की जाड काचेतून फोटोतल्या कडा धूसर आणि रंगीत दिसतात.

प्रवाळांच्या फोटोसाठी वेव्हमेकर (टाकीत लाटा-प्रवाह तयार करणारा पंप) दहा मिनिटे बंद करा, पाण्यातले कण खाली बसू द्या. ट्रायपॉड, एफ/८ अॅपर्चर (लेन्सचे छिद्र), दोन सेकंदांचा टायमर. मासे मात्र थांबत नाहीत: शटर १/२०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत, फोकस डोळ्यावर. दाणे आले तरी चालतील, हललेला मासा सुधारता येत नाही.

वेव्हमेकर परत सुरू करायला मोबाइलवर गजर लावा. हे हमखास विसरले जाते.