एप्रिलमध्ये मनालीपुढे बर्फ लागला तर

परीक्षा संपल्या की आपल्याकडची मंडळी मनाली गाठतात. आता कसला बर्फ, असं म्हणून एकेक स्वेटर घेतात. पण पश्चिमी झंझावात एप्रिलमध्येही येतात आणि मनालीपलीकडच्या लाहौलमध्ये रस्ता पांढरा करून जातात. हा बर्फ जानेवारीसारखा भुरभुरीत नसतो. ओला, जड असतो. दिवसा वितळतो आणि रात्री त्याच पाण्याची डांबरावर काच होते. म्हणून इथे गाडीपेक्षा घड्याळ सांभाळायचं.

आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहा, कुल्लू आणि लाहौल-स्पिती अशा दोन्ही जिल्ह्यांचा. या दोन्हींना जोडणारा अटल बोगदा 9.02 किलोमीटर लांब. अलीकडच्या तोंडाशी ऊन असताना पलीकडे सिस्सूला हिमवर्षाव चालू असू शकतो. ऑरेंज किंवा रेड दिसला तर बेत रद्द. पॅकेजचे पैसे बुडाले तर बुडू देत.

सकाळी दहाच्या सुमारास निघा, तीनच्या आत बोगद्याच्या अलीकडे या. उन्हाने सैल झालेला बर्फ उतारावरून सुटतो, तेव्हा तीव्र उताराखाली फोटोसाठी थांबू नका.

चेन, म्हणजे चाकं घसरू नयेत म्हणून त्यांवर बसवायच्या साखळ्या, बर्फ सुरू होण्याआधीच, सपाट जागी चढवा. इंजिन जी चाकं फिरवतं त्यांनाच: स्विफ्टला पुढच्या, इनोव्हा क्रिस्टाला मागच्या. भाड्याच्या गाडीत चेन आहे का, हे हॉटेलखालीच उघडून बघा. ‘है साब’वर विसंबू नका! चेन लावून ताशी 30च्या आसपासच चालवा.

उतारावर दुसरा गिअर, ब्रेक हलकेच. सावलीतली वळणं आणि पूल सगळ्यात दगाबाज. गाडी घसरली तर ॲक्सिलरेटर सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग हळूच वळवा. जोरात ब्रेक दाबायचा मोह होतोच, तो आवरा.

अडकलात तर गाडी सोडू नका, 112 लावा. हीटरसाठी इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा. प्रत्येक वेळी आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. आणि सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते.