सॉफ्टनरचं पाणी मधूनच जड येतंय? आधी घड्याळ बघा

बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलाय, तरी एखाद्या सकाळी साबणाला फेस येत नाही आणि दुपारी सगळं ठीक. रेझिन (पाणी मऊ करणारे आतले बारीक मणी) बदलायला सांगणारे भेटतीलच. पण मराठवाड्यातल्या भारनियमनात दोष बहुधा टायमरचा निघतो.

मशीन रिजनरेशनला, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा ताजं करायला, रात्री २ वाजता लावलेलं असतं. तेवढा वेळ घरात मऊ न केलेलं जड पाणीच येतं. बॅटरी बॅकअप नसलेलं घड्याळ वीज गेली की थांबतं. आठवड्यात एकूण ६ तास वीज गेली, तर रिजनरेशन सकाळी ८ वाजता, ऐन अंघोळीच्या वेळी.

१. फेस न आल्यास लगेच सॉफ्टनरच्या व्हॉल्व्हवरच्या टायमरची वेळ बघा. ड्रेन पाइपातून पाणी वाहत असेल तर दोष सापडला.
२. वेळ जुळवा आणि व्हॉल्व्हचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. लोड नगण्य असतो.
३. घड्याळ बरोबर असेल तर मिठाच्या टाकीत झाडूचा दांडा तळापर्यंत घाला. वर कडक थर, खाली पोकळी लागली तर मीठ जमलंय. दांड्याने हळू फोडा, पहार नको, टाकी तडकते. बारीक मीठ भरलं की हे हमखास होतं, गोळ्यांचं भरा.
४. तरीही मिठाचं पाणी ओढलं जात नसेल तर इंजेक्टरची (व्हॉल्व्हमधला ते पाणी ओढणारा भाग) जाळी बहुधा गाळाने भरलेली असते. बायपास करून, दाब सोडून मगच उघडा.

ड्रेनचं पाणी खारं असतं. झाडांना किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडू नका.